चित्रांचा सुकाळ, स्मृतीचा दुष्काळ

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, तेव्हा चर्चा झाली ती सीमेवरील तणावाची, राष्ट्रीय सुरक्षेची आणि व्यापाराची. प्रसंगच तसा असल्याने ते स्वाभाविक होते. परंतु त्या निर्णयाचा आणखी एक परिणाम झाला आणि त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही. खेड्यापाड्यांतील आणि लहान शहरांतील लाखो तरुणांनी आपल्या हातांनी तयार केलेली छोटी चलच्चित्रे एका रात्रीत लोकांच्या डोळ्यांआड गेली. त्यांत उथळ नकला होत्या, तशीच शेताच्या बांधावरची अस्सल लोककलाही होती. बंदी योग्य होती की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. प्रश्न असा आहे की, एका पिढीने काढलेली चित्रे ज्या तिजोरीत ठेवली गेली, त्या तिजोरीची किल्ली त्या पिढीच्या हाती कधीच नव्हती, आणि हे तिला तिजोरी बंद झाल्यावर कळले.

समाजमाध्यमांमुळे छायाचित्रकला सवंग झाली, अशी तक्रार व्यावसायिक छायाचित्रकार आणि चित्रपटांचे छायालेखक नेहमी करतात. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, त्यामुळे कौशल्याची किंमत उरली नाही, असे त्यांचे म्हणणे असते. या तक्रारीत व्यवसायाची व्यथा आहे आणि तिच्याविषयी सहानुभूती वाटावी हे योग्यच होय. तथापि दुखणे आहे एकीकडे आणि बोट ठेवले जात आहे भलतीकडे. चित्रे वाढली याचे दुःख करण्याचे कारण नाही. ती कोणी काढली, कोठे काढली, केव्हा काढली आणि पुढे ती कोण जपणार, याची फिकीर कोणालाच उरली नाही, ही खरी चिंतेची बाब आहे.

तक्रार नवी नाही

१८३९ साली पॅरिसमध्ये दगेर यांच्या पद्धतीची जाहीर घोषणा झाली, तेव्हा चित्रकारांना आपला व्यवसाय बुडाला असे वाटले होते. पुढे १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅकचा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेली असे. ग्राहकाने फक्त बटण दाबायचे आणि फिल्म संपली की सबंध कॅमेराच कारखान्याकडे धाडायचा. धुण्याछापण्याचे काम कारखान्याचे. त्या वेळीही अंधाऱ्या खोलीत रसायनांशी झुंजणाऱ्या जाणकारांनी नाके मुरडलीच. कला मात्र बुडाली नाही, उलट तिचा परीघ वाढला.

आपल्याकडचा इतिहासही याहून वेगळे सांगत नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या कार्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान सहभागी होते. विलायतेत हे तंत्र जाहीर होऊन तेव्हा उणीपुरी पंधरा वर्षे झाली होती. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मूळचे छायाचित्रकार. ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ १८९६ मध्ये मुंबईत झाला आणि पुढे १८९९ मध्ये सावेदादांनी मुंबईतील हँगिंग गार्डनवर कुस्तीचे चित्रीकरण केले. दादासाहेब फाळके यांनीही चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई अशा तिन्ही वाटा तुडवल्या होत्या. वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेका चित्राने टिपून त्यांनी आधी एक लघुपट केला आणि मगच ते ‘राजा हरिश्चंद्र’कडे वळले. म्हणजे स्थिरचित्र आणि चित्रपट ही एकाच घरातली भावंडे होत, आणि दोघांनाही नव्या यंत्राने वाढवलेच आहे.

यंत्रे येतात आणि जातात. फिल्मविना चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅकच्याच प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तयार केला. एक चित्र कॅसेटवर उतरायला त्याला २३ सेकंद लागत. त्याच कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अवघी तेरा माणसे कामाला असलेली इन्स्टाग्राम ही कंपनी फेसबुकने शंभर कोटी डॉलर्सना विकत घेण्याचे ठरवले. गमतीची गोष्ट अशी की, इन्स्टाग्रामचे प्रारंभीचे आकर्षण होते ते जुन्या फिल्मच्या रंगछटांची नक्कल करण्याचे. ज्या वस्तूला बाजारातून हद्दपार केले, तिचाच मुखवटा बाजारात खपत होता! परंतु एवढ्यावरून नव्या माध्यमाला दोष देणे बरोबर ठरणार नाही. नव्या व्यवस्थेतील मुख्य बदल यंत्रातला नसून मालकीतला आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

भिंत परक्याची

पूर्वीचा छायाचित्रकार आपले उत्तम काम दुकानाच्या काचेमागे लावी, वृत्तपत्राला देई अथवा प्रदर्शनात मांडी. संपादक ते नाकारू शकत असे आणि गिऱ्हाईक पाठ फिरवू शकत असे. परंतु निगेटिव्ह त्याच्या कपाटात राही आणि काय दाखवायचे हा निर्णय बव्हंशी त्याचा असे. आज तो आपले चित्र ज्या भिंतीवर टांगतो ती भिंत परक्याची आहे. तिच्यावर कोणते चित्र वर राहील आणि कोणते तळाशी जाईल, हे एक गणिती सूत्र ठरवते, आणि ते सूत्र त्याला कोणी समजावून सांगत नाही. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये चित्रांचा कालक्रम मोडला आणि ‘आवडेल’ अशा अंदाजाने ती मांडण्यास प्रारंभ केला. टिकटॉकवरील बंदीनंतर जुलै २०२० मध्ये तेथे भारतात रील्स आल्या. पुढच्याच वर्षी, आपले अ‍ॅप आता केवळ छायाचित्रे दाखवण्याचे स्थान राहिलेले नाही, असे त्या संस्थेच्या प्रमुखांनी जाहीर करून टाकले. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून तेथे आपला प्रेक्षक जमवला होता, त्या छायाचित्रकारांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. भाडेकरूच्या सोयीसाठी घरमालक घर बांधत नाही.

याचा परिणाम कलेच्या स्वभावावर होतो. स्थिर छायाचित्र पाहणाऱ्याला थांबायला सांगते. त्यातल्या चेहऱ्यावरून नजर हळूहळू मागच्या भिंतीवर, भिंतीवरून दारातल्या चपलांवर जाते आणि मग त्या घराची स्थिती उमगते. परंतु ज्या धंद्याचा नफा अंगठा सरकत राहण्यावर अवलंबून आहे, त्याला पाहणारा फार वेळ एका ठिकाणी थांबलेला परवडत नाही. चित्रपटाचा छायालेखकही या ओढाताणीतून सुटलेला नाही. आडव्या पडद्यासाठी त्याने तोलून मांडलेली चौकट फोनच्या उभ्या पट्टीत बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापली जाते. कडेला उभे असलेले पात्र नाहीसे होते आणि त्याच्यासह प्रसंगाचा अर्थही जातो. छत्तीस चित्रांच्या रिळाने छायाचित्रकाराला निवड करायला शिकवले होते, कारण प्रत्येक चित्राला पैसे पडत. आता पैसे पडत नाहीत, म्हणून निवड करण्याचे कष्टही कोणी घेत नाही. शंभर चित्रांतून एक निवडणे हेच ज्याचे खरे काम, त्याला शंभरही चित्रे रोज पुरवण्याचा तगादा लागावा, हा या व्यवस्थेतला विरोधाभास आहे.

शिवाय ही भिंत कायम उभी राहील याचीही शाश्वती नाही. भारतात एके काळी घरोघरी पोचलेले ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ मध्ये कबूल केले की, सर्व्हर हलवताना तीन वर्षांहून जुनी गाणी, छायाचित्रे आणि चलच्चित्रे कदाचित कायमची हरवली आहेत. तेथे आगही लागली नव्हती किंवा पूरही आला नव्हता. सामान हलवताना एक खोकेच राहून जावे, तसे असंख्य लोकांचे काम राहून गेले.

आपलाही हिशेब

परक्या कंपन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु स्मृती जपण्याच्या कामात आपला स्वतःचा लौकिक तरी काय आहे? भारतात मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतील पूर्णावस्थेत उरलेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. १९३१ चा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात झळकलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच उरला आहे, आणि तोही मूळ चित्रपटाचा की फाळक्यांनी पुढे पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जुन्या कृष्णधवल फिल्मा त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी भंगारात विकल्या गेल्या. ज्या राष्ट्राने चित्रपटावर एवढे प्रेम केले, त्याने चित्रपटाची फिल्म चांदीच्या भावाने विकावी, याला काय म्हणावे?

जे वाचले ते संस्थांमुळे आणि काही हट्टी माणसांमुळे वाचले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या संस्थेसाठी देशभर हिंडून फिल्मचे डबे गोळा केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष आज पाहायला मिळतात, त्याचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्याच पुण्यात २००३ मध्ये जुन्या नायट्रेट फिल्म साठवलेल्या कोठाराला आग लागली आणि पुन्हा कधीही न मिळणारी रिळे जळून गेली. संग्रह करणे एवढ्याने भागत नाही, संग्रह सांभाळावाही लागतो, हा धडा त्या आगीने दिला. २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. पाटी कोणाचीही असो, त्या कोठारांची देखभाल नीट होते की नाही, याची विचारपूस करीत राहणे हे महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.

नाव नसलेले चित्र

चित्राची काच फुटते किंवा फिल्म जळते, तेव्हा निदान काही गेले एवढे तरी कळते. चित्र राहते आणि नाव जाते, तेव्हा हानी झाली हेच कळत नाही. होमाई व्यारावाला यांची आठवण या संदर्भात अपरिहार्य आहे. नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेल्या होमाई या भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, कारण होमाईंचे नाव कोणाला ठाऊक नव्हते आणि स्त्री हे काम करील हे पटणारेही नव्हते. पुढे स्वातंत्र्याचा सोहळा, नेहरू आणि गांधीजींची अंत्ययात्रा त्यांच्या कॅमेऱ्याने टिपली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, त्यानंतर त्या जवळजवळ विस्मृतीत गेल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सुरक्षित राहिला. हे सारे शक्य झाले, कारण निगेटिव्ह त्यांच्याजवळ होत्या आणि त्या कोणाच्या हे सिद्ध करता येत होते.

चित्रपटाच्या क्षेत्रातही हेच दिसते. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधील विष्णुपंत पागनीस मराठी माणसाला ठाऊक आहेत, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल हेही ठाऊक आहेत. परंतु त्या तुकारामाला प्रकाशात उभे करणारे छायालेखक व्ही. अवधूत किती जणांना आठवतात?

कायद्याची या बाबतीतली भूमिका पाहण्यासारखी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन एखाद्याने छायाचित्र काढवून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा हक्क काढवून घेणाऱ्याचा होतो. मात्र त्याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने निर्मात्याला आपले नाव सांगण्याचा जो विशेष अधिकार दिला आहे, तो हक्क विकल्यानंतरही शिल्लक राहतो. म्हणजे चित्र विकता येते, परंतु त्याचे जनकत्व विकले जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राच्या हक्काची मुदत निर्मात्याच्या हयातीपर्यंत व त्यानंतर साठ वर्षे अशी वाढवली, आणि चित्राबरोबर असलेली हक्काविषयीची माहिती जाणूनबुजून पुसून टाकणे हा गुन्हा ठरवला. कागदावर ही तरतूद भक्कम आहे. प्रत्यक्षात चित्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना त्यात दडलेली तारीख, स्थळ आणि नाव यांची नोंद बहुधा गळून पडते. सकाळी काढलेले चित्र संध्याकाळपर्यंत दहा गटांत पोचते आणि अनाथ होते.

अनाथ चित्राला कोणीही कोणत्याही नावाने हाक मारू शकतो. एका देशातील दंगलीचे चित्र दुसऱ्या देशातील म्हणून फिरवले जाते, जुन्या पुराचे चित्र कालच्या पुराचे म्हणून दाखवले जाते. आता तर कॅमेऱ्याशिवायच छायाचित्रासारखी चित्रे तयार होऊ लागली आहेत. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्र स्पर्धेतील पारितोषिक नाकारले, कारण ते चित्र त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतले होते. परीक्षकांचे डोळे तपासण्यासाठीच त्याने ते पाठवले होते. यापुढे ‘डोळ्यांनी पाहिले’ हा पुरावा पुरेसा होणार नाही. कोणी पाहिले, कोठे उभे राहून पाहिले आणि त्याची जबाबदारी कोण घेतो, हे सांगता आले तरच छायाचित्र साक्षीला उभे राहू शकेल. छायाचित्रकाराचे नाव ही केवळ त्याच्या मानाची गोष्ट उरली नाही, चित्राच्या खरेपणाचीच ती आता अट आहे.

दुसरी बाजू

एवढे सांगितल्यावर नव्या माध्यमाचे उपकारही मान्य केले पाहिजेत. स्टुडिओची पायरी चढण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांच्या हाती आज कॅमेरा आहे. ज्यांचे चित्र नेहमी दुसऱ्यांनी काढले, ते आता स्वतःचे चित्र स्वतः काढतात, आणि ही सामाजिक दृष्टीने लहान घटना नव्हे. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाने दाखवून दिले आहे की, इंटरनेटवरही छायाचित्र नावानिशी, स्थळानिशी आणि मजकुरासह मांडता येते; मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ते वाचताही येते. सुधारक ओलवे यांनी मुंबईतील सफाई कामगारांच्या जीवनावर केलेले काम हे चिकाटीचे फळ आहे. त्या कामगारांच्या वस्तीत पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय ती चित्रे निघाली नसती. अशी चित्रे समाजमाध्यमांतून चार लोकांपर्यंत अधिक पोचली तर त्यात आनंदच आहे. समाजमाध्यम ही उत्तम दवंडी आहे. आपली चूक एवढीच झाली की, दवंडीवाल्याला आपण दप्तरदार समजलो.

करावे काय?

व्यावसायिक छायाचित्रकाराने या माध्यमाचा त्याग करावा, असा उपदेश करणे निरर्थक आहे. त्याचे गिऱ्हाईक तेथेच आहे. परंतु मूळ चित्र स्वतःजवळ, आणि एकाहून अधिक ठिकाणी, ठेवणे त्याला शक्य आहे. वर्षाकाठी निवडक चित्रे कागदावर छापणे आणि प्रत्येकाखाली कोण, कोठे, केव्हा हे लिहिणे यालाही फार खर्च येत नाही. वृत्तपत्रांनी आणि प्रकाशकांनी ‘इंटरनेटवरून साभार’ असे लिहून मोकळे होण्याची सवय सोडावी. इंटरनेट कधी कॅमेरा घेऊन उन्हात उभे राहत नाही.

सर्वांत तातडीचे काम मात्र वेगळेच आहे. महाराष्ट्रातील तालुक्या-तालुक्याच्या गावी जुने फोटो स्टुडिओ होते. त्यांतील अनेक बंद पडले, उरलेले बंद पडण्याच्या वाटेवर आहेत. १९६१ चा पानशेतचा पूर, १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप हे सारे या छायाचित्रकारांच्या काळात घडले. लग्ने, शाळांचे समूहचित्र, कामगारांचे मोर्चे, गावचे कुस्तीचे फड, पहिल्यांदा साडी नेसून उभी राहिलेली मुलगी, हे सारे त्यांच्या खोक्यांत आहे. मालक वारला आणि मुलाने गाळा विकला की ती खोकी उकिरड्यावर जातात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी घरोघरच्या माळ्यांवरची जुनी दप्तरे मिळवून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली नसती, तर मराठ्यांचा इतिहास बराचसा परक्यांच्या कागदांवरूनच लिहावा लागला असता. विसाव्या शतकातील महाराष्ट्राची दप्तरे निगेटिव्हच्या खोक्यांत आहेत, आणि ती मिळवायला अजून कोणी राजवाडे निघालेला नाही.

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले. तालुक्याच्या ग्रंथालयाने एक कपाट या खोक्यांसाठी मोकळे केले, शाळेच्या इतिहासाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांकरवी गावातील वृद्धांना छायाचित्रे दाखवून नावे लिहून घेतली, आणि जिल्ह्याच्या महाविद्यालयाने त्यांच्या प्रती संगणकावर उतरवल्या, तर हे काम मार्गी लागेल. चेहरे ओळखणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. निगेटिव्ह आणखी वीस वर्षे टिकेलही, पण तिच्यातला माणूस ओळखणारे तोवर राहणार नाहीत. म्हणून या कामाला उशीर करून चालणार नाही.

चित्रे काढणाऱ्यांची संख्या यापुढे वाढतच जाणार आणि ती वाढावी. परंतु जो समाज रोज असंख्य चित्रे काढतो आणि त्यांतल्या एकाच्याही पाठीवर नाव लिहीत नाही, त्याला पुढची पिढी चित्रांचा शौकीन म्हणेल, इतिहासाचा वारस म्हणणार नाही. फाळक्यांची रिळे हरवली तेव्हा आपल्याजवळ साधने नव्हती, अशी सबब सांगता येत असे. आज ती सबबही उरलेली नाही.